पाय टेकला न्हाय

तो ट्रान्झिस्टर बंद करा आधी. आणि ती सायकल अशी दारात आडवी घालू नका, अंधारात कुणीतरी अडखळून पडेल. पडला तर मीच पडणार, कारण तुम्ही सगळे ऐसपैस बसलेले आहात. म्हाताऱ्याला उभं ठेवून आपण बसायचं, हे कॉलेजात शिकवतात वाटतं. मी चौथीतनंच पळालो, त्यामुळं माझं ते शिकायचं राहिलं.

तर रविवारी तुम्ही तलावाला चक्कर मारणार म्हणे. सायकलींवरनं. डब्यात पोहे, गळ्यात कुणाच्या तरी मेव्हण्याचा कॅमेरा. सृष्टिसौंदर्य बघणार. बघा की! पाणी आहे, बाभळीचं बन आहे, काळविटं आहेत. तुमची टोळकी बघून काळविटांचीही जरा करमणूक होईल. मी कोण अडवणारा? फक्त दिवस मावळायच्या आत घरी या.

का म्हणून काय विचारता? सांगितलं तर आज एकेकाला घरी पोचवायला मलाच यावं लागेल. बरं, बसा. मधनं शिंकायचं नाही.

तो तलावाभोवतीचा रस्ता बहात्तरच्या दुष्काळातला. वळसंगच्या पलीकडं माळावर अख्खी गावं उन्हात बसून खडी फोडत होती. कुणाला कुठं जायचं होतं म्हणून तो रस्ता झाला नाही. माणसांना काम द्यायचं होतं म्हणून झाला. त्यामुळं तो कुठंच जात नाही. पाण्याला वळसा घालतो आणि निघाला तिथंच परत येतो. वर डांबर पडायच्या आधी पाऊस पडला, काम बंद झालं, आणि खडी तशीच उघडी राहिली. चालत्या सायकलीखाली ती कशी वाजते ठाऊक आहे? कुणीतरी दात खातंय असं वाटतं.

ही गोष्ट शिवयोगीची. माझ्या चांगल्या ओळखीचा. सोलापुरात बाळीवेशीत भाड्यानं सायकली द्यायचं त्याचं दुकान. अंगानं काटकुळा, मिशी मात्र दोन माणसांची. दुष्काळाच्या त्याच साली यानं काय केलं, तर वळसंगच्या जत्रेत सात दिवस सात रात्री सायकल चालवली. रिंगणात. गोल. जमिनीला पाय न टेकता. सायकलीवरच अंघोळ, सायकलीवरच दाढी, सायकलीवरच जेवण. ज्यांच्या घरात भाकरी नव्हती ती माणसं तोंड उघडं टाकून याला जेवताना बघायची आणि टाळ्या वाजवायची. आपल्या लोकांना काय, कुणी एकाच जागी गोल फिरत राहिलं की तो फार लांबचा प्रवास करून आला असं वाटतं. सातव्या दिवशी हार, नारळ, फेटा. तेव्हापासून शिवयोगी माणसांकडं बघायचा ते नाकाच्या शेंड्यावरनं. पायी चालणारा माणूस म्हणजे त्याच्या हिशेबी गांडूळच.

आता त्यातली गंमत ऐका. ही मला शिवयोगीनं स्वतः सांगितली, पण नंतर.

रिंगणात रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून एक राखणदार ठेवला होता, मायाप्पा. धनगर. मेंढरं दुष्काळानं खाल्ली, उरली एक घोंगडी आणि बायको मुक्ताबाई. त्याला ठेवला तो नुसत्या भाकरीवर. मध्यानरात झाली, बघे पांगले, की कनातीच्या आडोशाला मायाप्पा घोंगडी पांघरून, गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचा. शिवयोगी सायकल त्याच्याशेजारी थांबवायचा आणि म्हणायचा,

"टेकू का, मायाप्पा?"

मायाप्पा म्हणायचा, "टेक की."

की यानं डावा पाय त्याच्या पाठीवर ठेवायचा, हँडलवर डोकं टाकायचं आणि कोंबडा आरवेपर्यंत घोरायचं. मायाप्पा हलायचा नाही. हलला तर शूरवीर पडेल ना! आणि सकाळी माईकवर जाहीर: अजून जमिनीला पाय टेकलेला नाही! खोटं काय होतं त्यात? मायाप्पा म्हणजे जमीन थोडाच होता.

पुढं मायाप्पा खडीवर गेला. पाठ तर कामातनं गेलेलीच. त्याच तलावाच्या रस्त्यावर एका दुपारी घमेलं उचलायला वाकला, तो वर आलाच नाही. वाकलेलाच गेला. चौघांनी दाबून बघितलं, तिरडीवर सरळ होईना. शेवटी तसाच पुरला. शिवयोगीला कुणीतरी दुकानात येऊन सांगितलं. हा "अरेरे" म्हणाला आणि पंक्चर काढायला बसला.

झालं. दुष्काळ सरला, पुढच्या साली पाऊस बरा झाला, आणि त्र्याहत्तरची येळवस आली. मार्गशीर्षाची अमावस्या, सोमवार, डिसेंबरची चोवीस तारीख. शहरातली पोरं तुम्ही, तुम्हाला येळवस काय कळणार! त्या दिवशी घरात कुणी चूल पेटवत नाही. सगळं घर शेतात. कडब्याची कोप उभी करायची, पाच दगड मांडून त्यांना चुना आणि काव लावायची, ते पाच पांडव. मग सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. जो वाटेनं जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. आणि दिवस मावळताना कडब्याचे हेंडगे पेटवून, ते हातात धरून शेताभोवती फिरायचं. म्हणजे त्या दिवशी सगळी दुनियाच गोल फिरत असते.

शिवयोगीचं काम साधं होतं. तलावाकाठच्या सिद्रामप्पाची सायकल दुकानात दुरुस्तीला आली होती. नवी चेन घातलेली, डायनामो ठाकठीक केलेला. ती पोचवायची आणि शेवटच्या एस्टीनं परत यायचं. पण सायकल पोचवायला कुणी केसाला तेल लावून, मिशीला पीळ देऊन जातं का? सिद्रामप्पाची मुलगी हेमावती लग्नाची होती. बाप राजी होता. पोरगी नव्हती. शिवयोगीला एवढंच ठाऊक होतं की पोरीनं मान हलवली तर बागायतदार सासरा, आणि नाही हलवली तर बाळीवेशीत हसं. कारण गड्यानं आधीच अर्ध्या पेठेला सांगून ठेवलं होतं, लग्न ठरलं म्हणून.

त्या कोपीत मीही होतो. सिद्रामप्पाचा माझा जुना घरोबा. आणि भज्जी फुकट.

"आमच्या हेमाला सांगतोय," सिद्रामप्पा शिवयोगीच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "असा गडी तालुक्यात न्हाय. सात दिस! जमिनीला पाय न्हाय!"

हेमावती ताटात भज्जी वाढत होती. मान वर न करता म्हणाली, "सात दिस फिरून कुटं पोचलं म्हनं?"

"ए हेमा!"

"न्हाय अप्पा, इचारते. घाण्याचा बैल बी फिरतोय की. त्याला कुनी फेटा बांदंना."

मी उंडा घशात अडकून मरणार होतो. शिवयोगी हसला, पण मिशी हसली नाही. "सायकलीतलं खेड्यातल्या माणसाला न्हाय कळायचं, बाई," तो म्हणाला, आणि आंबिलीचा गडू घ्यायला हात पुढं केला.

गडू देणारी बाई कोपीच्या दाराशी बसली होती. काळी, सुकलेली. तिनं गडू लगेच सोडला नाही.

"वळकलं न्हाय जनू," ती म्हणाली. "मायाप्पाची मी."

"हां हां, मुक्ताबाई!" शिवयोगी म्हणाला. "लई चांगला मानूस."

"पाठ चांगली व्हती," मुक्ताबाई म्हणाली, आणि गडू सोडला.

सिद्रामप्पाला काही कळलं नाही, त्याला कधीच काही कळत नाही. पण हेमावतीनं एकदा मुक्ताबाईकडं बघितलं, एकदा शिवयोगीच्या पायांकडं बघितलं. मग हात पुसत उठली.

"अप्पा, ह्यांनी आज दावावं. तलावाला एकच चक्कर. पाय टेकला न्हाय तर तुमी म्हनाल तवा माळ घालते. टेकला तर पावन्यानं परत ह्या वाटंला यायचं न्हाय."

"आन् टेकला का न्हाय ते कळायचं कसं?" मी विचारलं. मला काय, मजा!

तिनं पांडवांची उरलेली काव वाटीत कालवली आणि म्हणाली, "चप्पल काडा." आणि खरंच त्याच्या दोन्ही तळव्यांना ओली लाल काव फासली. म्हणजे पाय खाली लागला की काव दगडाला आणि धूळ तळव्याला. लबाडीला जागाच नाही. पोरगी सातवी पास होती.

शिवयोगी सायकलीवर बसला. तलाव उजव्या हाताला, बन डाव्या हाताला. जाताना म्हणाला, "तुमचा चहा उकळायच्या आत येतो. आमाला असले तलाव म्हंजे अंगन."

आता तुम्ही मनात म्हणत असाल, म्हाताऱ्यानंच चादर पांघरून काहीतरी उद्योग केला. व्हय, मनात होतं! सिद्रामप्पाचं पांढरं धोतर काखेत मारून ठेवलं होतं मी. पण भज्जी जास्त झाली होती, आणि मी सकाळपर्यंत कोपीत पोट धरून आडवा होतो. सिद्रामप्पाला विचारा. आडवा होतो आणि घोरत नव्हतो, हेच काय ते.

तर शिवयोगी निघाला.

पहिला पल्ला झकास गेला. चाकाखाली खडी करकरत होती. डायनामो घुर्र घुर्र करत होता, पुढं हातभर उजेड. पाण्यापलीकडं शेताशेतांतनं हेंडगे फिरत होते, काजव्यासारखे. गावंढळ, तो मनात म्हणाला. एवढं मोठं पाणी, एवढा झकास रस्ता, आणि हे जळता कडबा घेऊन नाचतायत. मग मुक्ताबाई आठवली. पाठ चांगली व्हती! म्हणे. भाकरी दिली होती की रोज. कुणी दिली असती त्या साली?

बनाच्या कडेला खडीकामाचा दगडी रूळ पडला होता, रस्ता दाबायचा. कुणी तो परत नेलाच नव्हता. तो मागं टाकला. म्हणजे निम्मं झालं. पाण्यापलीकडं सिद्रामप्पाच्या कोपीतली गॅसबत्ती दिसत होती, उजव्या हाताला. आता रस्ता वळणार, आणि बत्ती समोर येणार.

हेंडगे एकेक करून विझले.

रस्ता वळला. बत्ती उजव्या हातालाच राहिली. पाण्यापलीकडं.

असेल, तो म्हणाला. अंधारात अंतर फसतं. पायडल मारत राहिला. वारा पडला होता. बनात पान हलत नव्हतं. बराच वेळ गेला. मग उजेडात काहीतरी मोठं, काळं, गोल आलं.

दगडी रूळ.

दोन रूळ असतील. सरकारी काम. दोन ठेवले असतील.

तो पुढं गेला. जोर लावला. बत्ती उजव्या हाताला. पाण्यापलीकडं. पुन्हा बराच वेळ. पुन्हा रूळ. त्याच्यावर तीच वाळकी फांदी पडलेली.

आता शिवयोगी शहाणा होता, पण आई त्याची खेड्यातलीच. चकवा लागला की काय करायचं हे तिनं सांगितलेलं. थांबायचं. खाली उतरायचं. पाय जमिनीला लावायचे, चिमूटभर माती कपाळाला लावायची, उजाडेपर्यंत बसून राहायचं. जमीन सोडलेल्या माणसालाच चकवा फिरवतो. ज्याचा पाय भुईवर, त्याला धरत नाही.

पाय जमिनीला लावायचे...

आणि तळव्याला ओली काव.

त्याला हेमावतीचा चेहरा दिसला. बाळीवेस दिसली, हसणारी. नाही. चकवा बिकवा बायकांची बडबड. तो पायडल मारत राहिला. मांड्या भरून आल्या. खडी जाड लागायला लागली. सायकल हळू झाली. सायकल हळू झाली की डायनामोचा दिवा मिणमिणतो. उजेड हातभराचा वीतभर झाला.

तेव्हा तो ढीग दिसला.

डाव्या हाताला. खडीचा. कंबरेएवढा. असे उरलेले ढीग रस्त्याकडेला होते, जाताना दोन-तीन दिसले होते. त्यानं लक्ष दिलं नाही.

ढीग मागं गेला नाही.

त्यानं जोर मारला. उजेड वाढला. ढीग शेजारीच. त्यानं पायडल सोडलं. ढीग शेजारीच. चाकाएवढ्या अंतरावर. बरोबर तेवढ्या.

त्यानं तिकडं बघितलं नाही. बत्तीकडं बघत राहिला. ती उजव्या हाताला...

वास आला. ओल्या लोकरीचा. पाऊस नव्हता. दव पडायला अजून वेळ होता.

खडी वाजायची थांबली. चाक फिरत होतं. आवाज नव्हता. फक्त डाव्या बाजूला, खालनं, कुणीतरी दम खात होतं. वाकलेल्या माणसाला लागतो तसा. बारीक. आत ओढलेला. सवयीचा.

मांडीत गोळा आला. पाय हलेना. सायकल डगमगली. दिवा गेला.

पडतो की काय.

आणि त्याच्या तोंडातनं... त्याला म्हणायचं नव्हतं. शपथेवर सांगत होता, म्हणायचं नव्हतं. सात रात्रींची सवय ती. झोपेत सुद्धा आली असती. तोंडातनं आपसूक गेलं,

"टेकू का...?"

सगळं गप्प.

मग डावीकडनं. खालनं.

"टेक की."

...

काय झालं? गप्प का? शेगडी विझलीय का बघा कुणीतरी. नको, राहू दे. बसा जवळ जवळ. मगाशी लई हसत होता.

रात्रभर शिवयोगी आला नाही; सिद्रामप्पा म्हणाला, सात दिसांचा गडी, चकरा मारत असंल. उजाडलं तेव्हा हेमावती बांधावर आली. तिनं हाक मारली म्हणून सिद्रामप्पा धावला, त्याच्यामागं पोट सांभाळत मी. मुक्ताबाई आमच्या आधीच तिथं उभी होती.

कोपीपासनं हाकेच्या अंतरावर, रस्त्याच्या मधोमध सायकल उभी होती. स्टँड लावलेला नव्हता. कशाला टेकवलेली नव्हती. वर शिवयोगी. हँडलवर डोकं टाकलेलं, उजवा पाय पायडलवर. आणि डावा पाय बाजूला काढलेला, गुडघ्यात जरासा वाकवून. जमिनीपासनं कंबरेएवढा वर. खाली काहीच नाही. तो हवेवर पाय टेकून झोपला होता. घोरत होता.

सिद्रामप्पानं "शिवयोगी!" अशी हाक मारली, आणि तो सायकलीसकट धाडकन पडला.

पडला तो पाठीवर. तळवे वर. सिद्रामप्पानं बघितलं आणि नाचायलाच लागला. "धूळ न्हाय! बघ हेमा, कन न्हाय धुळीचा! टेकला न्हाय! जिंकला आमचा जावई!"

मी म्हणालो ना, त्याला कधी काही कळत नाही.

हेमावती वाकली. उजव्या तळव्याला काव होती तशीच, वाळून फुटलेली. डावा तळवा स्वच्छ. धुतल्यासारखा. धूळही नाही, काव पण नाही.

"ह्या पायाची काव कुटं गेली?" तिनं विचारलं.

शिवयोगी मुक्ताबाईकडं बघत होता. मुक्ताबाई वळली आणि आपल्या खोपटाकडं गेली. खोपट तिथंच, बांधाखाली. दाराला बाहेरनं कडी, आदल्या सकाळी येळवसीला निघताना तिनंच घातलेली. रात्रभर ती आमच्यातच होती. आम्ही मागं गेलो. तिनं कडी काढली. नवरा गेल्यापासनं त्याची घोंगडी तिनं आढ्याला बांधून ठेवली होती. गाठ तशीच होती. तिनं ती सोडली, घोंगडी उन्हात आणली आणि आमच्यासमोर पसरली.

मधोमध, पाठीवर येते त्या जागी, पाऊल. लाल. डावं. पाचही बोटं. अजून ओलं.

शिवयोगीला कुणी धरलं नाही, म्हणून तो खाली बसला. दोन्ही हात भुईवर. आता लई जमीन आठवली.

हेमावतीनं कोपीतनं त्याच्या चपला आणल्या, समोर ठेवल्या. "जिंकलासा तुमी," ती म्हणाली. "जमिनीला पाय टेकला न्हाय, खरं हाय. मी शब्द दिलाय, तुमी म्हना, माळ घालते."

म्हणायला तोंड लागतं. तो उठला, चपला हातात घेतल्या, आणि अनवाणी चालत सोलापूरला गेला. दुकान विकलं त्यानं. आता कुठंही जायचं तर चालतो. नवीपेठेत परवा दिसला मला, चालताना प्रत्येक पाऊल नीट दाबून ठेवतो, भुई आहे का बघत.

आणि सिद्रामप्पा? तो अजून विचारतो, जावई जिंकून पळाला का म्हणून.

मुक्ताबाईनं त्याच सकाळी घोंगडी तलावावर नेली. धुवायच्या आधी झटकायला म्हणून तिनं ती उलटी केली. वर्षभर आढ्याला बांधलेली घोंगडी, कोरडी ठणठणीत असायची.

आतली बाजू घामानं भिजलेली होती.